असूनही न सांगितलेले पक्षी

होळी पेटून गेली की मृगाचा पाऊस पडेपर्यंतच्या तीन महिन्यांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या वृत्तपत्र-पुरवण्यांत एक मजकूर नेमाने येतो. कुठल्यातरी तलावावर, कुठल्यातरी घाटवाटेवर, कधी एखाद्या बंगल्याच्या परसात 'दुर्मीळ' पक्ष्याचे दर्शन घडलेले असते. सोबत छायाचित्र असते, पक्ष्याचे इंग्रजी नाव देवनागरीत असते, कंसात एखादे संस्कृतप्रचुर मराठी नाव असते आणि शेवटी पक्षिप्रेमींमध्ये आनंदाचे वातावरण असते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या मजकुराकडे आजवर लक्ष दिलेले नाही. ते द्यावे, असे आम्हांस वाटते. पक्षिशास्त्र हा आमचा अधिकाराचा विषय नव्हे. पण शब्द कोठे वापरला गेला, कोणासाठी वापरला गेला आणि कोणाला वगळून वापरला गेला हे पाहणे हा मात्र आमचाच धंदा आहे. 'दुर्मीळ' हा शब्द या दोन जिल्ह्यांच्या उन्हाळ्यात ज्या रीतीने वापरला जातो, ती रीत तपासण्याजोगी आहे. तिच्यात एक जुनी वाङ्मयीन सवय दडलेली आहे आणि त्या सवयीची किंमत काही पक्षी मोजत आहेत.

प्रथम भूमी पाहू. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला दहिवडीकडे उतरत गेले की तोच आकडा पाचशेच्या आसपास घुटमळू लागतो. पश्चिमेला कोयना आणि चांदोली यांचे दाट रान, २०१० साली घोषित झालेला सह्याद्री व्याघ्रप्रकल्प, धनेश, कर्णा, शीळकरी कस्तूर. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा कुसळी गवताचा, बाभळीचा, खडकाळ माळांचा प्रदेश. या दोहोंच्या मध्ये कृष्णेचे हिरवे खोरे, उसाने भरलेले. एकाच जिल्ह्याच्या नकाशात इतकी टोके क्वचित सापडतात. उन्हाळ्यात ती अधिकच ठळक होतात. घाटात कस्तूर पहाटेच्या अंधारात शीळ घालू लागतो, तेव्हा म्हसवडच्या माळावर दुपारी जमिनीवर हात ठेववत नाही.

आता 'दुर्मीळ' म्हणून छापल्या जाणाऱ्या पक्ष्यांकडे वळू. मे सरता सरता नवरंग येतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून विणीसाठी तो उत्तरेकडे सरकत असतो, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या थोडा पुढे-मागे. रात्री प्रवास करणारा हा पक्षी वाटेत थकतो, दिव्यांनी गोंधळतो, काचेवर आपटतो. मग कोणाच्या तरी व्हरांड्यात सकाळी बसलेला सापडतो. हिरवा, निळा, पिवळसर, पोटाखाली लाल असा हा जीव पाहून घरच्यांनी हरखून जावे हे अगदी योग्य. परंतु तो दुर्मीळ नव्हे. तो दरवर्षी येतो, आपल्या आजोबांच्या काळीही येत होता. पालापाचोळ्यात वावरण्याच्या सवयीमुळे एरवी नजरेस पडत नाही, एवढेच. स्वर्गीय नर्तकाचेही तसेच. लांब पांढऱ्या शेपटीचा नर ओढ्याकाठच्या सावलीत दिसला की बातमी होते. तोही या भागाचा नित्याचा रहिवासी वा पाहुणा आहे.

तिसरे उदाहरण रोहिताचे. खटाव तालुक्यातील मायणीचा ब्रिटिश काळात बांधलेला तलाव रोहितांच्या थव्यांसाठी एके काळी प्रसिद्ध होता. पुढे जवळच्याच येरळवाडीच्या जलाशयाचे नाव त्यासाठी अधिक ऐकू येऊ लागले. २०२१ मध्ये या परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. रोहिताला वाकड्या चोचीने गाळातले सूक्ष्म जीव गाळून खाण्यासाठी उथळ पाणी लागते. म्हणून पाणी आटत आले की थवा दिसतो, पाणी चढले की दिसत नाही. उन्हाळ्यात रोहित 'अवतरतो' तो काही चमत्कार म्हणून नव्हे, तलाव त्याच्या पायाच्या मापाचा होतो म्हणून.

खरोखर अनपेक्षित म्हणावा असा पाहुणा या दिवसांत येऊ शकतो तो समुद्रावरून. अरबी समुद्रात मे-जूनमध्ये वादळ उठले की खोल समुद्रावर राहणारे काही पक्षी वाऱ्याने किनाऱ्याच्या आत लोटले जातात. मे २०२१ मधील तौक्तेसारख्या वादळाच्या दिवसांत म्हणूनच जाणकार निरीक्षक घाटमाथ्यावरचे जलाशय धुंडाळतात. अशी नोंद खरी 'दुर्मीळ' ठरेल. पण तिच्यात आनंदाचे वातावरण असण्याचे फारसे कारण नाही. तो पक्षी बहुधा उपाशी आणि मरणोन्मुख असतो.

तेव्हा एकाच शब्दाने आपण तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत आहोत. पाहणाऱ्याने पहिल्यांदा पाहिला, म्हणून दुर्मीळ. आपल्या नेहमीच्या जागेपासून दूर सापडला, म्हणून दुर्मीळ. आणि पूर्वी पुष्कळ होता, आता उरला नाही, म्हणून दुर्मीळ. पहिला अर्थ पाहणाऱ्याच्या चरित्राचा आहे, दुसरा वाऱ्याचा, तिसरा इतिहासाचा. बातम्यांत पहिला अर्थ रोज भेटतो, दुसरा कधीमधी. तिसरा जवळजवळ भेटतच नाही.

इथे आम्हांस राजशेखराची आठवण होते. दहाव्या शतकाच्या आगेमागे झालेल्या या पंडिताचा महाराष्ट्राशी संबंध घराण्यातूनच आहे. आपल्या पणजोबांचा, अकालजलदांचा, उल्लेख तो महाराष्ट्राचे भूषण म्हणून करतो. (अकाली आलेला मेघ असे नाव धारण करणारा पूर्वज ज्याला लाभला, त्याला उन्हाळ्याच्या लेखात स्थान असायलाच हवे.) 'काव्यमीमांसे'त त्याने कविसमयाची, म्हणजे कवींच्या परंपरागत संकेतांची, जी विभागणी केली आहे ती वर्गात आपण शिकवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. जे नाही त्याचे वर्णन करणे हा पहिला प्रकार: प्रत्येक जलाशयात हंस असणे. जे आहे त्याचे वर्णन न करणे हा दुसरा: चंदनाला फुले-फळे येतात, पण काव्यात येत नाहीत. आणि जे अनेक ठिकाणी वा काळी आहे त्याला एकाच ठिकाणी वा काळी बांधून टाकणे हा तिसरा, ज्याला तो नियम म्हणतो: कोकिळेचे कूजन वसंतातच आणि मोराचे नृत्य पावसाळ्यातच. कोकिळ ग्रीष्मातही ओरडतो हे राजशेखराला ठाऊक होते. सातारच्या कोणत्याही पेठेत मेअखेर पहाटे झोपू पाहणाऱ्यालाही ते ठाऊक आहे. संकेत अज्ञानातून जन्मत नाहीत. ते पाहणीला वळण लावतात, आणि वळण लागले की पाहणी थांबते.

मराठी कवितेत चकोर किती वेळा आला असेल याची गणती कोणी करू धजणार नाही. ज्ञानेश्वरीपासून भावगीतांपर्यंत तो चांदणे पितो आहे. ज्या पक्ष्याला पक्षिशास्त्र चकोर म्हणते तो हिमालयात आणि वायव्येकडच्या डोंगरांत राहणारा, तित्तिराच्या कुळातला पक्षी आहे. सातारा-सांगलीच्या आकाशाखाली तो कधीच नव्हता. हा पहिला प्रकार झाला. चक्रवाक मात्र इथे खरेच येतो, हिवाळ्यात, तलावांवर, जोडीने. उन्हाळा तापण्यापूर्वी परततो. आणि चातक येतो नेमका आपल्या विषयाच्या ऋतूत, उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवसांत.

चातकाच्या बाबतीत संकेत आणि निरीक्षण यांची गाठ जितकी सुरेख पडली आहे तितकी दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याच्या बाबतीत पडलेली नाही. काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा असलेला हा कोकिळकुळातला पक्षी आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांबरोबर मध्य आणि उत्तर भारतात येतो. तो पावसाच्या थेंबावर जगत नाही. केसाळ सुरवंट हे त्याचे आवडते खाद्य आणि अंडी घालायला सातभाईंचे घरटे. पण तो आला की पाऊस जवळ आला, हे खरे. २००७ साली देशभर सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच' उपक्रमात सामान्य निरीक्षकांकडून स्थलांतरित पक्ष्यांच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा गोळा होऊ लागल्या, आणि कालिदासाच्या मेघाबरोबर जाणारा हा पक्षी तारखांच्या रकान्यात आला. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० साली दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसविली, तेव्हा त्या दोघांची नावे ठेवली 'मेघ' आणि 'चातक'. शास्त्रज्ञांनाही संकेताची भूल पडते, याचा आम्हांस आनंदच आहे.

परंतु तहानेची खरी कथा चातकाची नाहीच. ती माणदेशच्या माळावर दर उन्हाळ्यात घडते आणि तिचा नायक पखुर्डी आहे. पारव्याएवढा, मातीच्या रंगाचा, टोकदार शेपटीचा हा पक्षी उघड्या जमिनीवर, नुसत्या खळग्यात, ऐन उन्हाळ्यात अंडी घालतो. दाणे टिपून जगणाऱ्या या पक्ष्याला रोज पाणी लागते. सकाळी ऊन थोडे वर आले की ठरलेल्या वेळी थवे ठरलेल्या पाणवठ्यावर उतरतात. पिले मात्र अंड्यातून बाहेर आली तरी उडू शकत नाहीत आणि पाणवठा दूर असतो. मग नर पाण्यात पोट बुडवतो, पोटाची पिसे पाणी शोषून घेतात, आणि ते ओले पोट घेऊन तो माळावर परत येतो; पिले त्या पिसांतून पाणी चोखतात. मीड-वाल्डो या इंग्रज पक्षिपालकाने १८९६ साली हे सांगितले तेव्हा त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९६७ साली केड आणि मॅक्लीन यांनी आफ्रिकेतील कालाहारीच्या वाळवंटात प्रत्यक्ष पाहून आणि पिसांची रचना तपासून ते सिद्ध केले. ज्या परंपरेने चोच वर करून थेंबाची वाट पाहणारा पक्षी कल्पिला, त्या परंपरेला खरोखर पोटाशी पाणी बांधून नेणारा बाप आपल्याच माळावर दिसला नाही.

पखुर्डी एकटी नाही. उन्हाळा हा माळावरच्या पक्ष्यांच्या विणीचा काळ. धाविक, तांबूस छातीचा, डोळ्यावर पांढरी-काळी रेघ ओढलेला, चार पावले धावून थबकणारा, पुन्हा धावणारा. त्याची दोन-तीन ठिपकेदार अंडी खड्यांत मिसळून गेलेली असतात, आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. माळटिटवी, जी भारतीय उपखंडाबाहेर जगात कुठेही वीण करीत नाही. रातवा. लावे. चंडोल, ज्यांच्यापैकी एकाला इंग्रजीत आजही कर्नल साइक्स यांचे नाव आहे. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खन पालथे घालून त्यांनी इथल्या पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली होती. आणि डोंबारी. हा चिमणीएवढा चंडोलवर्गीय पक्षी, नर राखी डोक्याचा आणि काळ्या पोटाचा. उन्हाळ्यात तो सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा कोसळतो, जमीन जवळ येताच पुन्हा उसळतो, पुन्हा कोसळतो. ज्या कोणी या पक्ष्याला डोंबारी म्हटले त्याने एका शब्दात निरीक्षण, उपमा आणि कौतुक तिन्ही बसवले. यापेक्षा नेमकी पक्षिनोंद आम्ही वाचलेली नाही.

यांपैकी एकाही पक्ष्याची बातमी होत नाही. ते आहेत, पण सांगितले जात नाहीत. राजशेखराच्या दुसऱ्या प्रकाराला याहून चपखल उदाहरण सापडणार नाही.

आणि हे न सांगणे निरुपद्रवी राहिलेले नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात, सुमारे तीस हजार निरीक्षकांनी दिलेल्या तीन कोटी नोंदींच्या आधारे ९४२ प्रजातींचा विचार केला आहे. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल ठरविण्याइतकी माहिती होती, त्यांतील साठ टक्के घटल्या आहेत. उघड्या माळरानावरच्या पक्ष्यांची घट विशेष ठळक आहे. राखी खाटीक, काटेरी झुडपाच्या शेंड्यावर एकटा बसणारा, दीर्घकालीन हिशेबात ऐंशी टक्क्यांहून अधिक घटला आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ इतका घटला आहे, की त्याच्या जागतिक दर्जाचाच फेरविचार व्हावा अशी शिफारस तो अहवाल करतो. इथे तो तिसरा अर्थ, इतिहासाचा अर्थ, उभा राहतो. तो मात्र छायाचित्रात मावत नाही. न दिसलेल्या पक्ष्याचे छायाचित्र कोण काढणार?

असे का झाले, याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांतली काही भाषेत आहेत. सातबाराच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' असा एक शब्द असतो. लागवडीला अयोग्य जमीन, असा त्याचा अर्थ. 'पड' असा दुसरा. देशपातळीवर पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह सरकार काढते त्यात झुडपी माळ आणि निकृष्ट ठरविलेली गायराने याच सदरात जातात. म्हणजे धाविक जिथे अंडी घालतो ती जागा दप्तराच्या भाषेत आधीच वाया गेलेली आहे. वाया गेलेल्या जागेचे काही चांगले करायचे असते: तिथे झाडे लावायची, पवनचक्क्या उभारायच्या, सौर पट्ट्या अंथरायच्या, मुरूम काढायचा. यांतले झाडे लावणे तर पुण्यकर्मच. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर हे माणसाच्या हाताने उभे राहिलेले अभयारण्य म्हणून ओळखले जाते, आणि धों. म. मोहिते यांच्या त्या कामाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु निसर्ग म्हणजे वन आणि वन म्हणजे झाडे, हे समीकरण इतके घट्ट बसले आहे, की ज्या माळावर पूर्वीपासून झाडे नव्हती आणि नसल्यामुळेच तिथे पखुर्डी होती, त्या माळावरही आपण खड्डे खणतो. हाही एक कविसमयच. जिथे निसर्ग, तिथे वृक्ष. जिथे जलाशय, तिथे हंस.

आता सर्वांत अवघड भाग. माणदेशात पाणी आले आहे. कृष्णेचे पाणी कराडजवळून उचलून टेंभू योजनेने आटपाडीपर्यंत, म्हैसाळ योजनेने कवठेमहांकाळ-जतकडे, जिहे-कठापूर योजनेने खटाव-माणकडे नेले जात आहे. जिथे ज्वारीचे धाट आणि मेंढरांचे खत एवढीच संपत्ती होती तिथे डाळिंब, द्राक्ष, ऊस आला आहे. भर उन्हाळ्यातही काही तलाव भरलेले असतात. त्यामुळे नव्या पाणपक्ष्यांच्या 'दुर्मीळ' दर्शनाच्या बातम्या वाढतात, आणि ज्या माळावर पाणी पोहोचले तो माळ शेत होतो. एका बाजूला बातमी, दुसऱ्या बाजूला अनुच्चारित वजाबाकी. रोहिताच्याही बाबतीत गंमत अशी, की बारमाही भरलेला तलाव त्याच्या कामाचा उरत नाही.

या ठिकाणी निसर्गप्रेमी लेखक सुस्कारा सोडतो आणि जुना माळ आठवतो. आम्हांस ते करवत नाही. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातील माडगूळ्याचे. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'बनगरवाडी'चा शेवट ज्याने वाचला आहे तो माणदेशच्या कोरडेपणाला सौंदर्य म्हणणार नाही. दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, वाडी उठून जाते. १८७६-७७ च्या दुष्काळापासून दगड फोडण्याच्या कामांवर जगलेल्या या प्रदेशाला पाणी मिळू नये असे म्हणण्याचा अधिकार नळाला बारमाही पाणी असलेल्या कोणालाही नाही. पाणी यावेच. प्रश्न एवढाच, की येणाऱ्या पाण्याबरोबर काय जाते आहे याची नोंद कोणी ठेवायची. जे जाते आहे त्याला नावच नसेल, किंवा नाव असून ते कधी छापले गेले नसेल, तर कोणता माळ सोडायचा आणि कोणता नांगरायचा ही चर्चा सुरूच होऊ शकत नाही. थोडी गायराने, काही टेकड्यांचे माथे, देवाच्या नावाने सोडलेले माळ, एवढे राखता येण्याजोगे अजून आहे.

माडगूळकरांचे नाव घेतले ते केवळ प्रदेशासाठी नव्हे. मराठी ग्रामीण साहित्याने माणसाचे दारिद्र्य, जात, जमीन, बोली हे सारे पाहिले. पक्षी मात्र बहुधा वातावरणनिर्मितीसाठी वापरला. टिटवी ओरडली की काही अशुभ घडणार, पारवा घुमला की दुपार ओस पडणार, घार फिरली की ऊन तापणार. माडगूळकर अपवाद, कारण ते चित्रकारही होते आणि शिकारीच्या वाटेने रानात गेलेले होते. प्राण्याकडे ते प्रतीक म्हणून पाहत नाहीत, शेजारी म्हणून पाहतात. वानरांच्या टोळ्यांवरच्या 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण त्या पाहण्याची परंपरा आपल्या कथा-कादंबरीत निर्माण झाली नाही. ती वेगळ्या खोलीत गेली, 'निसर्गलेखन' नावाच्या. मारुती चितमपल्ली त्या खोलीतले सर्वांत थोर रहिवासी. वनखात्यात हयात घालवून, रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करून त्यांनी पक्षिकोश रचला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. जून २०२५ मध्ये ते गेले. संमेलनाध्यक्ष झाले, तरी अभ्यासक्रमात त्यांचा बहुधा एखादा उतारा येतो, तोही शाळेत. पदव्युत्तर वर्गात त्यांच्या गद्याची चिकित्सा किती ठिकाणी होते, हे शिक्षकांनी आपल्याशीच पडताळून पाहावे.

नावांविषयी आमचे एक स्पष्ट मत आहे, आणि काही मित्रांना ते रुचणार नाही. पक्ष्यांना नवी मराठी नावे देताना इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर करण्याची जी रूढी पडते आहे ती थांबावी. 'माळटिटवी' असताना 'पिवळ्या गाठीची टिटवी' कशाला? 'डोंबारी' असताना डोक्याच्या राखी रंगाचा हवाला देणारे नाव कशाला? इंग्रजी नाव संग्रहालयातील पेटीत आडव्या ठेवलेल्या कातडीवरून सुचलेले असते: गाठ, पट्टा, पोट, टोपी. लोकांनी दिलेले नाव चालत्या, उडत्या, ओरडत्या पक्ष्यावरून आलेले असते. पावशाने 'पेरते व्हा' म्हणावे हे पक्ष्याच्या कंठात नाही, कुणब्याच्या कानात आहे. तरीही जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या नावाइतकी उपयोगी माहिती दुसरी नाही. अर्थात लोकज्ञानाचाही भाबडा गौरव नको. टिटवीने बांधावर उंच अंडी घातली की पाऊस जास्त, कावळ्याने अमुक झाडावर घरटे केले की पाऊस चांगला, हे दर मे महिन्यात छापून येते आणि पुढे पाऊस कसा झाला हे त्याच पानावर कोणी पडताळत नाही.

तर मग करायचे काय? आम्हांस असे सुचते, की सातारा-सांगलीतील मराठी विभागांनी उन्हाळी सुटीपूर्वी विद्यार्थ्यांना एक साधे काम द्यावे. आपल्या गावचा एक माळ निवडायचा. एप्रिल ते जून या काळात आठवड्यातून एकदा, सकाळी एक तास तिथे जायचे आणि गद्यात नोंद लिहायची: तारीख, वेळ, ऊन-वारा, कोणता पक्षी, किती, काय करीत होता, गावातील जुनी माणसे त्याला काय म्हणतात. विशेषणे नकोत. 'मनोहारी' नको, 'विलोभनीय' तर नकोच. आणि जो पक्षी असेल असे वाटले होते पण दिसला नाही, त्याचीही नोंद: 'धाविक पाहिला नाही'. पक्षिशास्त्रात न दिसल्याच्या नोंदीला दिसल्याइतकीच किंमत असते, हे आम्हांस फार उशिरा कळलेले पण वाङ्मयाच्या दृष्टीने मोलाचे वाटणारे तत्त्व. कारण अभावाची नोंद करणे हे तर साहित्याचे जुने काम. अशा नोंदी इंग्रजी संकेतस्थळांवर टाकता येतात, तशा त्या वहीतही राहू द्याव्यात, मराठीत. दहा वर्षांच्या वह्या एका विभागात साठल्या तर त्यांतून मराठी वर्णनात्मक गद्याचाही एक नमुना उभा राहील आणि त्या माळाचाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. नोंद छापली की गर्दी येते. नवरंगाच्या किंवा नर्तकाच्या घरट्याची जागा कळताच मोठमोठी भिंगे घेऊन माणसे येतात, आडव्या येणाऱ्या फांद्या छाटतात, ध्वनिमुद्रित साद ऐकवून पक्ष्याला बाहेर काढतात, आणि उघड्यावर पडलेले घरटे कावळ्याला सापडते. माळावर तर फांदीचाही आडोसा नाही. धाविकाला अंड्यांवरून अर्धा तास उठवून ठेवले, तर मेच्या उन्हात ती अंडी शिजतात. म्हणून वहीत माळाचे नाव असले तरी छापताना तालुक्याच्या पुढे जाऊ नये. आणि घरट्याची नोंद पिले उडून गेल्यावर, म्हणजे बहुधा पाऊस सुरू झाल्यानंतरच, बाहेर यावी. तोवर बातमीला नवरंग आहेच.